कामाची जागा आणि कामगाराचे भवितव्य : डिचोली व पेडणे तालुक्यांचा धडा

उत्तर गोव्यातील डिचोली आणि पेडणे हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या 'नव्या काबिजादी'तील होत. भातशेती, कुळागरे, काजूच्या बागा आणि देवळातील भजन-कीर्तन यांभोवती येथील जीवन पिढ्यान्‌पिढ्या गुंफलेले होते. डिचोलीचे कुंभार व पितळी समया घडविणारे कारागीर प्रसिद्ध होते. त्यांचे कामाचे ठिकाण म्हणजे त्यांचे घर किंवा घराची पडवी. काम किती वेगाने करावयाचे, केव्हा थांबावयाचे आणि मुलाला ते केव्हा शिकवावयाचे, हे कारागीर स्वतः ठरवीत असे.

खाणी, कारखाने, हॉटेले आणि आता विमानतळ आल्यावर हे चित्र पालटले. आज या दोन तालुक्यांतील हजारो माणसे दिवसाचे आठ-दहा तास दुसऱ्याने आखून दिलेल्या जागेत, दुसऱ्याने ठरविलेल्या वेळेनुसार काम करतात. त्यांच्या आयुष्याचा एवढा मोठा भाग जेथे जातो, ती जागा त्यांच्यावर कोणता परिणाम करते, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

तीन कसोट्या

कोणतेही कामाचे ठिकाण पारखताना पगाराचा आकडा प्रथम पाहिला जातो. तो पाहिलाच पाहिजे. परंतु त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, या कामामुळे माणसाचे शरीर व मन निरोगी राहते काय? दुसरा, त्याला आपल्या कामाविषयी आस्था वाटते काय, की केवळ पाळी संपण्याची वाट पाहत तो वेळ काढतो? तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही : उद्या हे काम बंद पडले, तर येथे शिकलेल्या गोष्टींच्या बळावर त्याला दुसरे काम मिळेल काय? या तिसऱ्या गुणाला रोजगारक्षमता म्हणतात. डिचोली तालुक्याने या प्रश्नाचे महत्त्व फार मोठी किंमत देऊन जाणले आहे.

डिचोलीचा अनुभव

शिरगाव, मुळगाव, पाळी, वेळगे, सुर्ला या परिसरातील लोहखनिज १९५० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर काढले जाऊ लागले. प्रारंभी टोपली, घमेले आणि हातोडा यांनी होणारे काम पुढे यंत्रांकडे गेले. खाणीतून ट्रकांनी खनिज नदीकाठच्या धक्क्यावर न्यावयाचे, तेथून बार्जेसमध्ये भरून मांडवीच्या पात्रातून मुरगाव बंदराकडे पाठवावयाचे, अशी ही साखळी होती. खाणकामगार, यंत्रचालक, ट्रकमालक, ड्रायव्हर, क्लिनर, बार्जवरील खलाशी, गॅरेजवाले, टायरवाले, चहा-भज्यांचे गाडे चालविणाऱ्या स्त्रिया, असे कितीतरी संसार तिच्यावर उभे राहिले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी वाढली, तेव्हा अनेक कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. पुष्कळांची शेती पडीक राहिली. काही शेतांत खाणीची माती उतरली.

हे काम आरोग्याच्या कसोटीवर कठीणच होते. खनिजाची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. तिच्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतील तर वर्षानुवर्षांनी बरा न होणारा आजार जडू शकतो. अवजड वाहनाच्या सततच्या हादऱ्यांनी पाठीच्या कण्यावर ताण येतो आणि यंत्रांच्या आवाजाने ऐकण्याची शक्ती क्षीण होते. ट्रकवाल्याची कमाई खेपांवर अवलंबून असल्याने जितक्या खेपा अधिक, तितका पैसा अधिक. अशा पद्धतीत घाई ही माणसाच्या स्वभावात नसून मोबदल्याच्या रीतीतच असते. ड्रायव्हरला सावकाश जाण्याचा उपदेश करणारा फलक रस्त्यावर लावावयाचा आणि पैसे मात्र वेगाचे द्यावयाचे, ही विसंगती कामाच्या जागेची होय.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने व त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी करण्यात आली. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद झाल्या. पट्ट्यांचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. डिचोलीच्या गटातील काम २०२४ मध्ये पुन्हा चालू झाले. पर्यावरण आणि कायदा यांच्या दृष्टीने या निर्णयांची कारणे गंभीर होती. येथे विचार करावयाचा आहे तो एवढाच की, बारा वर्षांत दोनदा हातचे काम गेले तेव्हा कोण सावरला आणि कोण सावरला नाही.

अवजड यंत्र सफाईने चालविणारा, इंजिनाचा बिघाड आवाजावरून ओळखणारा कामगार कुशल नव्हता असे कोण म्हणेल? पण ते कौशल्य त्याच्या हातात होते, कागदावर नव्हते. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, वेतनचिठ्ठी व भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब होता, तो दुसऱ्या दाराशी जाऊन काही मागू शकत होता. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्याला वीस वर्षांच्या अनुभवानंतरही नवशिक्यांच्या रांगेत उभे राहावे लागणार, हे उघड आहे.

काम जाते तेव्हा काय काय जाते

या संदर्भात ऑस्ट्रियातील मारियन्थाल या खेड्याचा अभ्यास उद्‌बोधक आहे. व्हिएन्नाजवळच्या या गावाचा संसार एका कापड गिरणीवर चालत होता. १९२९-३० मध्ये ती बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल या संशोधकांनी तेथील जीवनाचे निरीक्षण करून १९३३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बेकार लोक रिकाम्या वेळात अधिक वाचतील, सभा-संस्थांत अधिक भाग घेतील, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. पुरुष रस्त्याने मंद चालीने, थांबत थांबत जात. दिवसभरात काय केले हे त्यांना नीट सांगता येत नसे. स्त्रियांचे घरकाम मात्र सुटले नव्हते आणि त्यांची पावले झपझप पडत.

याहोडा यांनी पुढे यातून असे प्रतिपादन केले की, नोकरी पैशाखेरीज आणखी काही देते : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, चारचौघांसमवेत एखादे उद्दिष्ट गाठल्याचे समाधान, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल. काम थांबले की हे सर्व एकदम थांबते. म्हणून बेकार झालेल्या माणसाला 'आळशी झाला' असे म्हणणे अन्यायाचे आहे.

पगाराखेरीज कामाला काय लागते

कामाविषयीची आस्था कशाने वाढते याविषयी आपल्याच देशातील एक जुना प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या विभागाची पाहणी केली. नवे माग आणूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. प्रत्येक कामगाराकडे एकेक तुटक काम होते आणि संपूर्ण मागाची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. कामगारांचे लहान गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक माग सोपविण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा कामगारांनी ती उचलून धरली आणि आपापले गट स्वतःच बांधले. काही अडचणींनंतर उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण कमी झाले. माग तेच होते, माणसेही तीच होती. बदलली होती ती कामाची मांडणी.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅरसेक यांनी १९७९ मध्ये हेच तत्त्व निराळ्या रीतीने मांडले. कामाचा भार जास्त आणि ते कसे करावे याबाबतचा अधिकार कमी, अशी स्थिती माणसाच्या प्रकृतीला सर्वांत अधिक बाधते. भार जास्त असला तरी निर्णयाची मुभा असेल, तर माणूस शिकतो व वाढतो. कामाचे तासही मोजून ठेवले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

पेडण्यातील नवी दारे

पेडणे तालुक्यात आज नवी दारे उघडत आहेत. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांत पर्यटनाने रोजगार आणला. तुये येथे औद्योगिक वसाहत आहे. मोपा पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने ये-जा करू लागली.

या कामांत धूळ नाही. परंतु त्यांचे स्वतःचे ताण आहेत. किनाऱ्यावरील रोजगार बराचसा हंगामी असतो. पावसाळा लागला की शॅक उतरतात आणि अनेकांची मिळकत थांबते. विमानतळ रात्रीही झोपत नाही. पाळ्या सतत बदलत राहिल्या तर झोप, जेवण व कुटुंबातील वेळ यांची घडी विस्कटते. पाहुण्याच्या रागाला हसतमुखाने उत्तर द्यावयाचे, हेही एक श्रमच आहेत, जरी ते वजनकाट्यावर मोजता येत नसले. शिवाय पुष्कळ कामे ठेकेदारामार्फत होतात. आपला खरा मालक कोण आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हेच कामगाराला उमगत नसेल, तर त्याची आस्था कशी टिकावी? म्हणून डिचोलीने उशिरा विचारलेला तिसरा प्रश्न पेडण्याने आजच, काम चालू असतानाच, विचारला पाहिजे.

कायद्याचे पाठबळ

१९४८ चा कारखाने अधिनियम व १९५२ चा खाण अधिनियम यांनी दीर्घकाळ कामगारांच्या सुरक्षिततेचा पाया घातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या असून या अधिनियमांची जागा त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती या विषयावरील संहितेने घेतली आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला देणे, ही तिची ठळक कलमे होत. स्त्रियांना रात्रपाळीवर घेता येते, मात्र त्यांची संमती व सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे.

नियुक्तिपत्राकडे केवळ कागद म्हणून पाहू नये. काम गेल्यावर माणसाची ओळख पटविणारा तोच पहिला पुरावा असतो.

मनाचे दुखणे

शरीराच्या दुखापतीची नोंद होते. मनाच्या दुखण्याची होत नाही. या बाबतीत गोव्यानेच जगाला एक वाट दाखविली आहे. येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्यग्रस्त रुग्णांशी ठरावीक बैठकांत संवाद साधण्याचे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० व पुन्हा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रयोगातील उपचाराचा गाभा साधा होता : खचलेल्या माणसाला लहानलहान, अर्थपूर्ण कामांकडे पुन्हा वळवावयाचे. दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांसाठीही अशाच समुपदेशनाचा प्रयोग झाला. मारियन्थालने जे हरवलेले दाखविले, तेच हा उपचार थोडेथोडे परत मिळवून देतो. मानसिक ताणासाठी 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून देशभर उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक कामाच्या ठिकाणी व पंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा.

करण्याजोगे काही

आस्थापनांनी सुरक्षिततेच्या सूचना कामगाराला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे कोकणी, मराठी, कन्नड वा हिंदीत, लावाव्यात. पाळ्यांचे वेळापत्रक आगाऊ जाहीर करावे. आणि प्रत्येक कामगाराला एकाहून अधिक कामे शिकण्याची संधी द्यावी.

कामगारांनी नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक व अनुभवाचे दाखले एका पिशवीत जपून ठेवावेत. हाताने शिकलेल्या कसबाची परीक्षा देऊन 'पूर्वशिक्षणास मान्यता' योजनेखाली प्रमाणपत्र मिळविता येते. काम चालू असतानाच ते मिळवावे. असंघटित कामगारांनी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीचा उपयोग करावा.

शिक्षकांनी मुलांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची व १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील संधींची माहिती द्यावी. आपल्या गावात कोण कोठे काम करतो, ते काम बंद पडले तर तो काय करू शकेल, याची विद्यार्थ्यांकरवी साधी पाहणी करून घेतली, तर तो एक उत्तम पाठ होईल. पंचायतींनी अशा माहितीची नोंद ठेवल्यास संकटकाळी मदत कोणास हवी, हे शोधत बसावे लागणार नाही.

खाणीतील खनिज एकदा काढले की पुन्हा भरून येत नाही. माणसाच्या अंगी आलेले कसब मात्र वापराने वाढते आणि कामाचे ठिकाण बदलले तरी त्याच्याबरोबर जाते. दिवसअखेर कामगार घरी परतताना त्याच्या खिशात वेतन असावे, अंगात थोडी शक्ती शिल्लक असावी आणि काल येत नव्हते असे काहीतरी त्याला आज येत असावे. ज्या कामाच्या जागेतून या तिन्ही गोष्टी घरी येतात, तीच जागा चांगली म्हणावयाची.