बरणीतली जेली आणि माझा टी-वन

३ टेस्लाच्या एमआरआय स्कॅनरवर मेंदूचे टी-वन मॅप काढायला लागले, तेव्हा मी हवेतच होते. साध्या चित्रात पांढरं-काळं शेजारच्या भागाच्या मानानं ठरतं. इथे प्रत्येक ठिपक्याला मिलिसेकंदात किंमत. आकडा कसा फसवेल?

रुग्णांच्या मॅपमध्ये व्हाइट मॅटरचा टी-वन कानशिलाच्या बाजूला ७३० येत होता आणि मध्याजवळ हजाराच्या वर. हा ऊतींमधलाच फरक, असं धरून मी स्लाइड केल्या, बैठकीत दाखवल्यासुद्धा. मग तुलनेसाठी स्वतःच स्कॅनरमध्ये आडवी झाले, तर माझ्याही डोक्यात तेच! आमचे जुने टेक्निशियन म्हणाले, "मॅडम, माणसांचं राहू द्या. आधी बरणी लावून बघा."

पाच लिटरची प्लास्टिकची बरणी, आत अगार, म्हणजे आपला पुडिंगात घालायचा चायना ग्रास, आणि टी-वन खाली आणायला थोडं निकेल क्लोराइड. (ते विषारी असतं, घरच्या पातेल्यात हा उद्योग करू नका.) एकाच घाण्याची जेली, तरी मॅपमध्ये मधोमध जास्त, कडेला कमी.

३ टेस्लाला आरएफची वारंवारता १२८ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. पाण्यात तिची तरंगलांबी साधारण २६ सेंटिमीटर भरते, जवळपास डोक्याच्याच मापाची. म्हणून आरएफचा जोर सगळीकडे सारखा पोचत नाही. मी मशीनला ४ आणि २४ अंशांचे फ्लिप अँगल सांगितले होते. कडेला पडत होते दहा टक्के कमी. दोन अँगलच्या या पद्धतीत चूक वर्गानं बसते. ०.९ चा वर्ग ०.८१, त्यामुळे ९०० चा टी-वन ७३० दिसला. मध्याजवळ दहा टक्के जास्त, तिथे १०९०.

या पद्धतीनं मोजणार असाल तर आरएफचा जोर कुठे किती पोचला ते दाखवणारा बी-वन मॅप त्याच वेळी, रुग्ण टेबलावरून उठायच्या आत घ्या. वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यालाच लागते. मीही लावली होती. दुरुस्तीनंतरही शंका राहिली तर बरणीवर इन्व्हर्जन रिकव्हरी लावून आकडे ताडून बघा. रुग्णाला इतका वेळ झोपवणं परवडत नाही, बरणी कुरकुरत नाही.

बरणी मात्र आदल्या संध्याकाळीच स्कॅनरच्या खोलीत नेऊन ठेवा. फ्रीजमधली गार जेली थेट लावली तर टी-वन कमी येतो आणि आपण मशीनला बोल लावत बसतो. सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा तीच बरणी.

पुढच्या बैठकीत मी त्या स्लाइड त्याच लोकांसमोर मागे घेतल्या. पुरावा म्हणून बरणी टेबलावर ठेवली होती. एका सरांनी झाकण उघडून विचारलं, "कसली जेली आहे?" तेव्हापासून तिच्यावर तारीख, तापमान आणि 'खाऊ नये' असं लिहिलेलं असतं.