संगणकाचा सातबारा



घराची वाटणी म्हटली की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. वाटणी विचाराने झाली तर दोन भाऊ एका छपराखाली सुखाने नांदतात. घाईने झाली तर वाद पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. संगणकाच्या डिस्कचेही असेच आहे. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स या दोन कार्यप्रणाली कशा नांदवाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी कला शाखेचा पदवीधर. हे शास्त्र मी गुरुमुखातून शिकलेलो नाही. जे शिकलो ते बव्हंशी चुकांतून, आणि त्यांतील सर्वांत मोठी चूक पुढे सांगणारच आहे.

हा विषय आजच का? विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी जी यंत्रसामग्री लागते ती जुन्या संगणकांत पुष्कळदा नसते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतील आपल्या कित्येक घरांत एकच संगणक असतो आणि तोही जुना. तो भंगारात टाकण्यापूर्वी त्यावर लिनक्स बसवून पाहणे शहाणपणाचे. लिनक्सचा गाभा लायनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह दिली. केरळातील सरकारी शाळांत तर कित्येक वर्षे लिनक्सवरच शिक्षण चालते.

आता वाटणीकडे वळू. माझ्या मातृभाषेत, कोंकणीत, वाटणीस आलेल्या भागास 'वांटो' म्हणतात. डिस्कच्या अशा वांट्यास पार्टिशन हे नाव आहे. डिस्कवर प्रत्यक्ष भिंत कोठेच नसते. तिच्या आरंभी एक लहानसा तक्ता असतो. कोणता वांटा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच त्यात लिहिलेले असते. शेतजमिनीचा सातबारा असतो, तसाच हा डिस्कचा सातबारा. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात चारच मुख्य वांट्यांची नोंद होई. 'जीपीटी' या नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते.

येथे एक लहानसे गणित सोडवा. खोक्यावर '५०० जीबी' लिहिलेली डिस्क विंडोज ४६५ जीबीची दाखविते. दुकानदाराने फसविले काय? मुळीच नाही. कारखानदार एक जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट धरतो. विंडोज १०२४ चा घन, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. भागाकार करून पाहा.

या ४६५ जीबीची वाटणी अशी करता येईल: विंडोजला २००, लिनक्सला ४०, स्मृती अपुरी पडल्यास लागणाऱ्या 'स्वॅप' जागेस ५ आणि उरलेले सुमारे २२० जीबी सामायिक कोठारास. आपले लेख, छायाचित्रे, हिशेब हे सर्व त्या कोठारात ठेवावे. त्याची रचना 'एनटीएफएस' पद्धतीची ठेविली म्हणजे दोन्ही प्रणालींना ते वाचता येते. पुढे एखादी प्रणाली बिघडली आणि ती पुसून नव्याने बसविण्याची वेळ आली, तरी कोठारास धक्का लागत नाही.

कामाचा क्रम मात्र पाळावा. प्रथम सर्व दस्तऐवजांची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. डिस्कला 'बिटलॉकर'चे कुलूप असल्यास त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असता विंडोज पूर्णपणे मिटत नाही, अर्धवट निजते, आणि अशा वेळी लिनक्सने सामायिक कोठारात लिहिणे धोक्याचे असते. विंडोजचा वांटा विंडोजच्याच साधनाने आखडावा. त्यानंतरच पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवावे. संगणक सुरू होताच 'ग्रब' नावाचा द्वारपाल पुढे येतो आणि कोणत्या घरी जावयाचे ते विचारतो.

आता माझी चूक. गतवर्षी आपल्या वार्षिकांकासाठी आलेले ३८ लेख मी माझ्या संगणकात लिनक्सच्या वांट्यात ठेविले होते. दुसरी प्रत घेतली नव्हती. एके रात्री विंडोजमध्ये जागा कमी पडू लागली. डिस्कच्या यादीत मला एक निनावी वांटा दिसला. विंडोजला लिनक्सची पद्धत वाचता येत नाही, म्हणून तो निनावी दिसत होता. मी तो रिकामा समजलो, रद्द केला आणि त्याच जागी नवा वांटा आखून लिहावयासही लागलो. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा काळ्या पडद्यावर द्वारपालाची तक्रार तेवढी उरली होती. त्याचे उरलेले सामान मीच पुसले होते.

वांटा रद्द केला म्हणजे सातबाऱ्यावरील नोंद खोडली जाते. शेतातील पीक लगेच नाहीसे होत नाही. दुसऱ्याने नांगर घातला म्हणजे मात्र ते जाते. मी नांगरही घातला होता. एका माजी विद्यार्थ्याने दोन रात्री जागून 'फोटोरेक' या साधनाने डिस्क चाळली. ३८ पैकी ३१ लेख सापडले, तेही नावांवाचून. अक्षरांवरून व विषयांवरून ते ज्याचे त्याला जोडावे लागले. सहा मुलांनी आपले लेख पुन्हा लिहून दिले. सातवा लेख नववीतील एका मुलीचा होता. तिची आई घरी साड्यांवर खडे चिकटविते, त्या कामाविषयी तिने लिहिले होते. तोवर ते कुटुंब सुरत सोडून खानदेशात परतले होते. तो लेख मी एकदाच वाचला होता. या अंकात तो नाही, आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे. आपली डिस्क नव्या 'एसएसडी' प्रकारची असेल तर अधिक जपावे. रद्द झालेली जागा ती बहुधा आपण होऊन लवकरच साफ करते, मग शोधण्यास काही उरत नाही.

वाटणीबाबत इतके भय दाखविल्यावर आनंदाची गोष्टही सांगतो. लिनक्सचा दर्शनी भाग, म्हणजे डेस्कटॉप, आपणास हवा तसा बदलता येतो. १९९६ साली केडीई व एक्सएफसीई आणि १९९७ साली ग्नोम या प्रकल्पांना आरंभ झाला. कार्यप्रणाली तीच, पोशाख निराळा. संगणकाची स्मृती ४ जीबीच असेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा. अधिक असेल तर केडीई किंवा ग्नोम. दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी ठेवून प्रवेशाच्या वेळी हवा तो निवडता येतो. यांतील पुष्कळ शब्द स्वयंसेवकांनी मराठीत आणले आहेत, ते जरूर पाहा. एखादा डेस्कटॉप काढून टाकिला तरी आपले लेख जात नाहीत. मात्र काढताना संगणक जी यादी दाखवितो ती पुरती वाचावी. एकाबरोबर दुसरे आवश्यक भागही निघून जाण्याचा संभव असतो.

तेव्हा पोशाख बदलण्यास भिऊ नका. दहा वेळा बदला, त्यातूनच शिकाल. सातबाऱ्याला हात लावण्यापूर्वी मात्र थांबा. निनावी दिसते ते रिकामेच असते असे नाही. आज घरी गेल्यावर आपल्या संगणकातील अत्यंत प्रिय अशा एका लेखाची किंवा छायाचित्राची दुसरी प्रत काढा, आणि मगच हा अंक पुढे वाचा.