बाह्य हार्ड डिस्क आणि अडणारा संगणक

पेढीची खतावणी आता संगणकात असते आणि तिची नक्कल यूएसबीने जोडलेल्या हार्ड डिस्कवर. ही डिस्क लावताच संगणक गोठला अथवा बंद पडला, तर दोष डिस्कचाच मानून ती फॉर्मॅट करण्याची घाई होते. आमच्या मते प्रथम विजेचा हिशेब पाहावा. यूएसबी २.० च्या साध्या पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळण्याची तरतूद आहे. फिरती डिस्क सुरू होताना याहून अधिक प्रवाह मागू शकते. तो अपुरा पडल्यास जोडणी मध्येच तुटते, लेखन अर्धवट राहते आणि संगणकही अडतो.

म्हणून आखूड केबल वापरावी. डिस्क संगणकाच्या मागील पोर्टला किंवा स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या हबला लावावी. तरीही अडचण राहिल्यास दुसऱ्या संगणकावर तपासावे. तेथे ती सुरळीत चालली, तर दोष बहुधा पहिल्या संगणकाचा. तेथेही अडली, तर केबल बदलून पाहावी व मगच डिस्कचा संशय घ्यावा.

डिस्क वाचता येऊ लागताच आधी खतावणी अन्यत्र उतरवून घ्यावी. दुरुस्तीचे उपाय त्यानंतर. डिस्क बाजारात नवी मिळते, वर्षाच्या येण्यादेण्याची नोंद मिळत नाही, हे व्यापारी बंधूंनी ध्यानी ठेवावे.