उपघटक ३ : आडनावाचा भाषावैज्ञानिक अभ्यास – चेक भाषेतील 'नेद्व्येद'

३.१ उद्दिष्टे

या उपघटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• विशेषनामाची व्युत्पत्ती शोधण्याची पद्धत सांगता येईल.
• विषमीकरण, वर्ज्य शब्द आणि लोकव्युत्पत्ती या संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• आडनावाचे साम्य व रक्ताचे नाते यांतील फरक विशद करता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील उपघटकात आपण सामान्यनामांच्या व्युत्पत्तीचा विचार केला. विशेषनामाला अर्थ नसतो, ते केवळ व्यक्तीचा निर्देश करते, असे व्याकरणात म्हटले जाते. मात्र आज जे केवळ निर्देश करते, ते कधीकाळी अर्थवान सामान्यनाम असू शकते. हा प्रवास समजून घेण्यासाठी येथे एक चेक आडनाव निवडले आहे. परक्या भाषेतील आडनाव निवडण्यामागे हेतू आहे. ओळखीचे आडनाव कानी पडताच आपल्या मनात गाव, जात, घराणे यांविषयीचे तर्क सुरू होतात. अपरिचित आडनावाकडे मात्र आपण केवळ शब्द म्हणून पाहू शकतो.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ एका आडनावाचे खेळाडू

पावेल नेद्व्येद या फुटबॉलपटूचा जन्म १९७२ मध्ये पश्चिम बोहेमियातील खेब या गावी झाला. १९९६ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या चेक संघात तो होता. पुढे इटलीतील लाझियो आणि युव्हेंटस या संघांकडून तो खेळला. २००३ मध्ये त्याला 'बॅलन डी'ओर' हा मानाचा पुरस्कार मिळाला.

पेत्र नेद्व्येद हा आइस हॉकीपटू. त्याचा जन्म १९७१ मध्ये उत्तर बोहेमियातील लिबेरेत्स येथे झाला. जानेवारी १९८९ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो एका स्पर्धेसाठी कॅनडातील कॅलगरी येथे गेला आणि मायदेशी परतण्याऐवजी तेथील पोलीस ठाण्यात जाऊन त्याने आश्रय मागितला. त्या वेळी चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवट होती; ती त्याच वर्षाच्या अखेरीस कोसळली. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो कॅनडाकडून खेळला व त्या संघाला रौप्यपदक मिळाले. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो चेक संघात होता. त्याचा थोरला भाऊ यारोस्लाव्ह हाही आइस हॉकीपटू.

पेत्र आणि यारोस्लाव्ह यांचे आडनाव एक आहे, कारण ते सख्खे भाऊ आहेत. पावेल आणि पेत्र यांचेही आडनाव एकच आहे; पण तेवढ्यावरून त्यांच्यात नाते आहे असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या इतिहासात सापडते.

३.३.२ 'न'कार कोठून आला?

चेक भाषेत अस्वलाला 'मेद्व्येद' म्हणतात. 'नेद्व्येद' हे त्याच शब्दाचे जुने व बोलीतील रूप होय. 'म्' हा ओष्ठ्य वर्ण आणि पुढे येणारा 'व्' हा दंत्योष्ठ्य. दोहोंच्या उच्चारात ओठांचा सहभाग असतो. अशी दोन सदृश व्यंजने जवळ आली असता त्यांपैकी एक बदलते, या प्रक्रियेस विषमीकरण म्हणतात. त्यानुसार 'म्' च्या जागी दंत्य 'न्' आला. पोलिश भाषेत अस्वलाचा प्रमाण शब्दच 'न्'ने सुरू होतो. चेक प्रमाणभाषेने मात्र 'म्'चे रूप राखले आणि 'न्'चे रूप आडनावात टिकून राहिले. भाषेतून मागे पडलेली रूपे आडनावांत अशी जपली जातात. म्हणूनच भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला आडनावे मोलाची वाटतात.

विषमीकरण मराठीलाही परके नाही. संस्कृत 'लाङ्गल' या शब्दात दोन 'ल्' आहेत. मराठीत त्याचा 'नांगर' झाला. 'ललाट' या शब्दाचे प्राकृतात 'णिडाल' आणि मराठीत 'निढळ' झाले. 'निढळाचा घाम' म्हणजे कपाळावरचा घाम. येथेही आरंभीच्या व्यंजनाच्या जागी अनुनासिक आला आहे.

३.३.३ मध खाणारा

आता मूळ शब्दाकडे वळू. 'मेद्व्येद' याचे प्राचीन स्लाव्ह रूप दोन घटकांचे आहे : 'मेदु' म्हणजे मध आणि 'खाणे' या अर्थाचा धातू. संस्कृतातील 'मधु' आणि 'अद्' हे त्यांचे सगोत्र शब्द होत. 'मधु + अद' यांचा संधी 'मध्वद' असा होतो; 'मनु + अंतर = मन्वंतर' याप्रमाणे 'उ'चा 'व्' होतो. स्लाव्ह शब्दातील 'व्'सुद्धा अशाच रीतीने, पुढे स्वर आल्यामुळे उद्भवला. 'मध्वद' हा शब्द ऋग्वेदात आढळतो. तेथे तो अस्वलाला नव्हे, तर पक्ष्यांना उद्देशून आलेला आहे. त्यामुळे एक शब्द दुसऱ्यापासून निघाला असे समजू नये. दोन्ही भाषांनी समान वारशातील घटक घेऊन सारखा समास घडविला, एवढेच यातून सिद्ध होते.

अस्वलाला मुळात 'मध खाणारा' असे का म्हणावे लागले? इंडो-युरोपीय भाषाकुलात अस्वलासाठी स्वतंत्र शब्द होता. संस्कृत 'ऋक्ष', ग्रीक 'आर्क्तोस' आणि लॅटिन 'उर्सुस' ही त्याचीच रूपे. स्लाव्ह भाषांतून तो लुप्त झाला. अरण्यात वावरणाऱ्या लोकांनी या बलाढ्य प्राण्याचे नाव घेणे भयापोटी टाळले आणि त्याचा उल्लेख वर्णनाने केला, असे अभ्यासक मानतात. आपल्याकडे रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणतात, तसाच हा प्रकार. नाव घेणे निषिद्ध मानलेल्या अशा शब्दास वर्ज्य शब्द म्हणतात. वर्ज्य शब्दाच्या जागी आलेले वर्णन पुढे स्वतःच नाव होऊन बसते.

येथे लोकव्युत्पत्तीचाही विचार करावयास हवा. चेक भाषेत 'व्येद्येत' म्हणजे जाणणे. संस्कृत 'विद्' धातूशी त्याचे नाते आहे. त्यामुळे 'मेद + व्येद' अशी फोड करून 'मध कोठे आहे हे जाणणारा' असा अर्थ सांगण्याचा मोह होतो. हा अर्थ गोड असला तरी इतिहासाला धरून नाही. शब्दातील 'व्' हा 'मेदु' या पहिल्या घटकाचा अंश आहे. तो दुसऱ्या घटकाला जोडला की चुकीचा धातू हाती येतो.

३.३.४ टोपणनावापासून आडनावापर्यंत

धिप्पाड देह, दाट केस, संथ चाल किंवा घरावरील अस्वलाचे चिन्ह, अशा कोणत्याही कारणाने एखाद्याला 'अस्वल' हे नाव पडू शकते. मराठीतील वाघ, लांडगे, कोल्हे ही आडनावेही प्राणिवाचक आहेत. चेक प्रदेशात वंशपरंपरेने चालणारे कायम आडनाव सक्तीचे झाले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सम्राट दुसरा जोसेफ याच्या काळात. तोवर बदलू शकणारी टोपणनावे तेव्हा स्थिर झाली. अस्वलासारखी माणसे मात्र एकाच गावात नसतात. परस्परांशी संबंध नसलेल्या गावांत, परस्परांशी संबंध नसलेल्या कुटुंबांना हेच नाव स्वतंत्रपणे मिळणे स्वाभाविक होते. म्हणून पावेल आणि पेत्र यांच्या आडनावांचे साम्य हा नात्याचा पुरावा ठरत नाही. नाते सांगायचे तर जन्मनोंदींचा आधार हवा.

३.३.५ आडनाव आणि व्याकरण

चेक भाषेत आडनाव इतर नामांप्रमाणे चालते. 'नेद्व्येद'चे षष्ठीचे रूप 'नेद्व्येदा', तर संबोधन 'नेद्व्येदे'. स्त्रीचे आडनाव 'नेद्व्येदोव्हा' असे होते. यातील '-ओव्हा' हा प्रत्यय मुळात स्वामित्वदर्शक होय. टेनिसमुळे आपल्या परिचयाचे झालेले 'नवरातिलोवा' हे नाव याच घडणीचे. तिच्या कुटुंबातील पुरुषाचे आडनाव 'नवरातिल'. विशेषणापासून बनलेल्या आडनावात केवळ अंत्य स्वर बदलतो : पुरुष 'नोवोत्नी', स्त्री 'नोवोत्ना'. मराठीतील 'मोठा–मोठी' याच्याशी त्याची तुलना करावी. 'पाटील–पाटलीण' ही जोडीही आठवावी; मात्र मराठीत असे स्त्रीरूप बोलण्यापुरते असते, कागदोपत्री लागत नाही.

चेक वृत्तपत्रे परदेशी स्त्रियांच्या नावांनाही हा प्रत्यय जोडतात. सेरेना विल्यम्स तेथे 'विल्यम्सोव्हा' होते. प्रत्ययामुळे नावाला विभक्ती लावणे सोपे जाते, हे समर्थन. स्त्रीची ओळख पुरुषाच्या स्वामित्वातून का सांगावी, हा आक्षेप. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीने चेक स्त्रियांना प्रत्ययरहित आडनाव निवडण्याची मुभा दिली आहे. व्याकरणाचा नियम आणि व्यक्तीचा अधिकार यांची अशी गाठ पडते, तेव्हा भाषाविज्ञान प्रत्ययाचा इतिहास सांगू शकते. निवड मात्र ते नाव धारण करणाऱ्या व्यक्तीनेच करावयाची असते.

३.४ समारोप

'नेद्व्येद' या एका आडनावात विषमीकरण, वर्ज्यता आणि सगोत्र भाषांचा वारसा आपण पाहिला. या शब्दाचे 'मधु'शी असलेले नाते नियमित ध्वनिसाम्यांनी सिद्ध होते. ते नाव धारण करणाऱ्या दोन खेळाडूंचे नाते मात्र त्यातून सिद्ध होत नाही. हा विवेक आपल्या परिसरातही उपयोगी पडतो. पवार, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे महाराष्ट्रात एकाहून अधिक समाजांत आढळतात. तरीही आडनाव ऐकून माणसाची जात, कुवत किंवा वृत्ती ठरविण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि तिची झळ अनेकांना शाळेत, नोकरीत वा घर शोधताना पोहोचते. आडनाव शब्दाचा इतिहास सांगते; ते धारण करणाऱ्या माणसाची पारख त्यावरून करता येत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

३.५ सरावासाठी स्वाध्याय

१. 'नांगर' आणि 'नेद्व्येद' या शब्दांतील ध्वनिबदलांची तुलना करा.
२. चेक भाषेत 'ने' हा नकारदर्शक उपसर्ग आहे. तरीही 'नेद्व्येद' म्हणजे 'न जाणणारा' असा अर्थ का लावता येत नाही? शब्दाची फोड करून दाखवा.
३. आपल्या बोलीतील पाच वर्ज्य शब्द व त्यांचे पर्याय नोंदवा.
४. आपल्या गावातील एक आडनाव निवडा. ते किती स्वतंत्र कुटुंबांत आढळते आणि त्याच्या उगमाविषयी ती कुटुंबे काय सांगतात, याची नोंद करा. त्यांपैकी लोकव्युत्पत्ती कोणती, हे सकारण लिहा.