काळ्या खिडकीतला हिशेब

प्रश्न : सोनगीरला आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. रोज काय विकलं त्याचं वजन आणि किलोचा भाव मी जुन्या लिनक्स संगणकावर साध्या फाइलीत टिपून ठेवतो. एका ओळीत एक विक्री. मुलगा म्हणतो, सरासरी काळ्या खिडकीतच निघते, एक्सेल कशाला? खरं का?
— एक वाचक, सोनगीर (जि. धुळे)

उत्तर : खरं आहे. काळी खिडकी म्हणजे आज्ञा टंकायचं टर्मिनल. 'ऑक' नावाचा छोटा प्रोग्राम तुमच्या संगणकात बहुधा आधीपासूनच असेल. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी तो १९७७ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. तो फाइल ओळीओळीनं वाचतो आणि प्रत्येक ओळीचे रकाने पाडतो. 'पहिला रकाना बेरजेत मिळवत जा, शेवटी बेरीज छाप' हे त्याला एका ओळीत सांगता येतं.

सरासरी कुठली हवी, हे मात्र तुम्ही ठरवायचं. समजा, २ किलो माल ९०० च्या भावानं गेला आणि १८ किलो ७०० नं. दोन भावांची सरासरी ८०० येते, पण ती गल्ल्याशी जुळायची नाही. रक्कम १४,४००, वजन २० किलो, म्हणजे किलोमागे हाती पडले ७२०. म्हणून ऑकला वजन गुणिले भाव यांची बेरीज करायला सांगा आणि तिला एकूण वजनानं भागा.

दुसरी गंमत वजनांची. दीड, दोन, दोन, दोन, तीन, साडेतीन अशी किरकोळ गिऱ्हाइकं झाली आणि एका लग्नघरानं आंदणाची भांडी एकदम २१ किलो नेली. सरासरी ५ किलो! पाच किलो तर कुणीच नेलं नाही. इथे शाळेतला मध्यक कामाला येतो. 'सॉर्ट' या आज्ञेनं आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधला उचला : २ किलो. सॉर्टला उणे-एन जोडायला विसरू नका, नाहीतर ते अक्षरं लावावीत तसं २१ ला ३ च्या आधी बसवतं.

फुटकळ भागाकाराला टर्मिनलमधलं 'बीसी' हे गणकयंत्र बरं, पण सात भागिले दोन विचारलं तर ते ३ सांगतं. आधी 'स्केल' २ करा, मग साडेतीन मिळतात.

आता आकडे लिहिण्याबद्दल, कारण खरा घोळ तिथेच होतो. 'एक हजार दोनशे पन्नास' स्वल्पविराम देऊन लिहिलेत तर ऑक त्यातला फक्त १ घेतं. देवनागरी अंक दिसले की मुकाट्यानं शून्य धरतं, तक्रारसुद्धा करत नाही. फाइलीत तसे अंक असतील तर 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रामकडून इंग्रजी अंकांत बदलून घ्या. अक्षराजागी अक्षर घालणारं 'टीआर' त्या कामाला नको. लिनक्सवरचं टीआर एकेक बाइट बघतं आणि देवनागरी अंक युनिकोडच्या फाइलीत तीन बाइटांचा असतो.