देहाची पवित्रता व आमचीं लेंकरें
आईबापांकरितां व उपदेशकांकरितां एक धडा

वाचावयाचे भाग : उत्पत्ति १:२६-३१, २:२४, २५. अनुवाद ६:६, ७. २ शमुवेल १३:१-२२. मार्क ५:२५-३४. १ करिंथ ६:१९, २०.

आमच्या मंडळ्यांतील आईबाप मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सातव्या आज्ञेचा अर्थ काय, असें मुलानें विचारलें म्हणजे घरांत एकदम शांतता पसरते. "मोठा झालास म्हणजे कळेल," असें सांगून त्यास वाटेस लावितात. मग तें त्यास कळतें खरें, पण कोणाकडून? गुरें राखणाऱ्या थोरल्या मुलांच्या चेष्टेंतून, अथवा हल्लीं हातोहातीं फिरणाऱ्या मोबाइलवरील ओंगळ चित्रांतून. आईबाप गप्प बसले म्हणजे मूल शिकत नाहीं असें नव्हे. त्यास दुसरा शिक्षक मिळतो, एवढेंच.

१. देह देवाचा आहे. देवानें नर व नारी आपल्या प्रतिरूपाप्रमाणें निर्माण केलीं आणि आपलें काम चांगलें म्हणून पाहिलें. लाज व भय हीं त्यानंतर, पापाच्या पाठोपाठ आलीं. यास्तव देहाचा कोणताहि अवयव मुळांत घाणेरडा नाहीं. देह हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे असें पौल शिकवितो. मंदिर स्वच्छ ठेवावें, त्याचा मान राखावा, आणि वाटेल त्यास त्यांत हात घालूं देऊं नये, हें लहान मुलासहि समजतें.

२. वयाप्रमाणें बोलावें. मोशेनें घरीं बसतांना व वाटेनें चालतांना मुलांशीं बोलावयास सांगितलें. म्हणजे हें एका दिवसाचें व्याख्यान नव्हे. तीनचार वर्षांच्या मुलास न्हाऊं घालतांना सर्व अवयवांचीं साधीं नांवें सांगावीं. शेळी व्यालेली पाहून मूल विचारतें, "मी कोठून आलों?" "तुला बोहारणीकडून घेतलें," असें थट्टेनें सांगूं नये. देवानें तुला आईच्या पोटांत वाढविलें, हें उत्तर खरें आहे व त्या वयास पुरेसें आहे. थापा पुढें उघड होतात, आणि ह्या विषयांत आईबाप खरें बोलत नाहींत, अशी मुलाची खात्री होते.

नऊदहा वर्षांच्या सुमारास, देहांत फरक पडण्यापूर्वींच, आईनें मुलीस पाळीविषयीं सांगावें. नाहींतर रक्त पाहून ती भिते. बापानें मुलास सांगावें कीं, आवाज फुटणें, झोपेंत वीर्य जाणें, हें वाढीचें लक्षण आहे. तो रोगहि नव्हे व पापहि नव्हे. "धातु जातो" अशी भीति घालून पैसे उपटणारे भोंदू वैद्य अशा अजाण मुलांवरच जगतात. त्याच वेळीं विवाहाची गोष्टहि सांगावी : स्त्रीपुरुषांचें एकदेह होणें देवाचें दान आहे, आणि तें आयुष्यभराच्या प्रीतीच्या व निष्ठेच्या करारांत ठेविलेलें आहे. जो मुलगा हें समजला, तो परक्याच्या मुलीकडे मानानें पाहावयास शिकेल.

३. विटाळाविषयीं. पाळीच्या दिवसांत मुलीस बाजूस बसविण्याची चाल आमच्या कांहीं घरांतून अद्यापि गेली नाहीं, आणि कोणी तिच्यासाठीं लेवीय १५ वा अध्याय पुढें करितात. त्यांनीं मार्काचा ५ वा अध्याय वाचावा. बारा वर्षें रक्तस्राव होणारी स्त्री प्रभूच्या वस्त्रास शिवली. त्यानें तिला दूर लोटलें नाहीं, कन्या म्हणून हाक मारिली. मग आमच्या कन्येस आम्हीं चुलीपासून व प्रार्थनेपासून दूर कां ठेवावें? तिला स्वच्छ कापड, पाणी व विसांवा द्यावा. कापड लाजेनें अंधारांत न लपवितां उन्हांत वाळवावें.

४. तामारेची गोष्ट. तामारेचा नाश करणारा परका नव्हता. अम्नोन तिचा सावत्र भाऊ होता. तिनें नको म्हटलें, रडून आक्रोश केला. परंतु अबशालोमानें तिला उगीच राहावयास सांगितलें, आणि दावीद संतापला खरा, पण त्यानें न्याय केला नाहीं. ती भावाच्या घरीं उदास होऊन राहिली, आणि दोन वर्षांनीं त्याच घराण्यांत रक्त सांडलें. घराण्याची अब्रू राखणाऱ्या मौनाचें फळ हें असें असतें.

ही केवळ प्राचीन गोष्ट नव्हे. भारत सरकारनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या १३ राज्यांच्या पाहणींत १२,४४७ मुलांस विचारलें होतें. त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक उपद्रव सोसल्याचें सांगितलें. आणि उपद्रव देणाऱ्यांपैकीं सुमारें अर्धे मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासांतले होते. म्हणून प्रत्येक मुलास, मुलगा असो वा मुलगी, शिकवावें : कोणी वाईट रीतीनें स्पर्श केला तर "नको" म्हण, तेथून नीघ, आणि आम्हांस येऊन सांग, तो काका असो, शिक्षक असो कीं उपदेशक असो. ज्या अवयवाचें नांव घेण्याचीहि मुलास बंदी, त्याविषयींची तक्रार तें कोणत्या तोंडानें करील?

५. उपदेशकांस. मूल असें कांहीं सांगूं लागलें तर त्याजवर विश्वास ठेवा. रागावूं नका, तेंच तें पुनः पुनः विचारूं नका. "दोष तुझा नाहीं," असें स्पष्ट सांगा व त्यास सुरक्षित ठिकाणीं ठेवा. प्रार्थनासभेंत त्याचें नांव घेऊं नका. पंचांनीं बसून तें प्रकरण मिटवूं नये : २०१२ सालच्या पोक्सो कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील मुलावरील असा अपराध ज्यास कळला, त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. १०९८ ह्या क्रमांकावर मुलांकरितां फुकट मदत मिळते. अपराधी मंडळीचा वडील असला म्हणून त्यास झांकणें म्हणजे ख्रिस्ताचें नांव राखणें नव्हे. लहानांस अडखळविणाऱ्याविषयीं प्रभूनें जात्याच्या तळीचें जें वचन सांगितलें, तें मत्तय १८:६ येथें वाचून पाहावें.

प्रश्न
१. उत्पत्ति २:२५ व ३:१० यांमध्यें काय फरक पडला, व कशानें?
२. तामारेच्या घरांतील कोणी काय केलें असतें तर तिचें रक्षण झालें असतें?
३. आमच्या मंडळींत पाळीविषयीं कोणत्या चाली आहेत? त्यांतील कोणत्या सोडाव्या?
४. ह्या आठवड्यांत आपल्या लेंकराशीं कोणती एक गोष्ट आपण बोलणार आहां?