पीक-संरक्षणाची बंदूक विकताना

अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत कन्नड व सोयगाव तालुक्यांतील गावी मक्याची कणसे भरू लागली की रानडुकरांचा व रोह्यांचा उपद्रव सुरू होतो. राखणीकरिता काही घरी ठासणीची अथवा एकनळी बंदूक परवान्यावर घेतलेली असते. पुढे म्हातारपण येते, मुले शहरात जातात आणि बंदूक विकण्याचा विचार निघतो. बाजाराच्या दिवशी शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्याजवळ चहाच्या दुकानात गिऱ्हाईक भेटते, किंमत ठरते, आणि साध्या कागदावर दोन ओळी लिहून व्यवहार उरकण्याची घाई होते. येथेच घात होतो.

बैल विकणारा शेतकरी बाजाराची पावती जपून ठेवतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी निष्काळजी राहतो, हे नवल होय. बैल दुसऱ्याच्या गोठ्यात गेला की मूळ मालकाचा संबंध संपतो. बंदुकीचा क्रमांक मात्र परवान्यावर ज्याच्या नावे असेल त्यालाच चिकटून राहतो. उद्या त्या बंदुकीने गुन्हा घडला, तर पोलीस प्रथम त्याच्याच दारी येतील.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. खाजगी वापरासाठी परवान्यावर बाळगलेली बंदूक विकण्यास मालकाला व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही. परंतु कलम ५ नुसार दोन गोष्टी अनिवार्य आहेत. विक्रीचा इरादा व घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हाधिकाऱ्यास, जिल्हादंडाधिकारी या नात्याने, अथवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखास लेखी कळवावा. आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावेत. १ जून रोजी सूचना दिली तर १६ जुलै हा पंचेचाळिसावा दिवस होय; बंदूक हातावेगळी करावयाची ती त्यानंतरच. ही मुदत म्हणजे सरकारी दिरंगाई नव्हे. घेणारा कोण आहे याची चौकशी करण्यास तेवढा अवधी हवा.

घेणाऱ्याचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहावा. तो शहागंजात राहणारा असेल तर त्याचा परवाना पोलीस आयुक्तांकडील असावयास हवा, कारण आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्याचे हे अधिकार आयुक्तांकडे असतात. ग्रामीण भागातील असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडील. मुदत संपली आहे काय, याच प्रकारच्या शस्त्राचा तो परवाना आहे काय, हे तपासावे. २०१९ च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारण परवानाधारकास तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात. घेणाऱ्याजवळ आधीच दोन असतील तर व्यवहार तेथेच थांबवावा. खात्री न करता शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणे हाच कलम २९ खाली अपराध आहे. कलम ५ मोडून विक्री केल्यास सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे.

कागद कोणते ठेवावेत? दिलेल्या सूचनेची प्रत, तीवर ठाण्याचा शिक्का, तारीख व पोच. दोन्ही परवान्यांच्या प्रती. आणि बंदुकीचे वर्णन, म्हणजे बनावट, क्रमांक, बोअर, नळीची लांबी. व्यवहाराच्या पावतीवर दिवस, किंमत व दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. शिल्लक काडतुसे सोबत दिली असतील तर त्यांचा आकडा स्वतंत्र लिहावा. बहुतेक जण हाच विसरतात. नंतर परवाना घेऊन कार्यालयात जावे व बंदुकीची नोंद आपल्या नावावरून कमी करून घ्यावी. ही नोंद होईपर्यंत विक्री पुरी झाली असे समजू नये.

वडिलांच्या पश्चात राहिलेल्या बंदुकीविषयी ग्रामसेवकांकडे वारंवार विचारणा होते. वडिलांचा परवाना मुलाच्या कामी येत नाही. कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब जवळच्या ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी व पोच घ्यावी. वारसाला मुदतीत स्वतःचा परवाना मिळवून ती परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीस विकता येते. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली बंदूक गंजलेली असली तरी कायद्याच्या दृष्टीने बंदूकच होय.

नवीन घेणाऱ्या शेतकऱ्यास आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकरासही मारण्यापूर्वी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गौताळा अभयारण्याच्या शेजारील गावांत ग्रामसेवकांनी हा अर्ज पेरणीपूर्वीच समजावून द्यावा. कणसे भरल्यावर धावपळ करून तो वेळेवर हाती येत नाही.